बाळंतीण खचते तेव्हा घरात काय चाललंय तेही विचारा

बाळंतीण पाहायला आलेल्या बाया आधी पाळण्यात डोकावतात. नाक कुणाचं, रंग कुणाचा, रात्री झोपू देतो का, दूध पुरतंय का. मग डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेक-शेगडी यांची चौकशी होते. सगळं आपुलकीनंच चाललेलं असतं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की बाळाची आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे, विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते आहे, डोळे सुजलेले आहेत. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं : "ओली बाळंतीण आहे, असं होतंच. मनाला लावून घेऊ नको गं."

असं होतं हे काही वेळा खरं असतं. पण बऱ्याच वेळा तो आजार असतो, आणि त्या आजाराचं एक मोठं कारण त्याच घरात वावरत असतं. भारतातल्या ३८ अभ्यासांमधल्या वीस हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून केलेला एक आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली आला. त्यात बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्यांचं प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे साधारण पाचजणींतली एक. कारणं कोणती? पैशाची ओढाताण, घरातली मारहाण, नवरा-बायकोतला बेबनाव, नवऱ्याची साथ नसणं, मुलगी होणं आणि आधीपासूनचा मानसिक आजार. ही यादी पुन्हा एकदा वाचा. त्यातली निम्मी कारणं थेट नवऱ्यापाशी येऊन थांबतात.

तरीही गावात या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. मन खचलं तर आधी नजर काढायची, मग देवरुषी, मग जमलं तर डॉक्टर. मारहाण झाली तर भावकीतली चार माणसं बसतात, फारच झालं तर पोलीस पाटील. डॉक्टर मारहाणीचं विचारत नाहीत आणि भावकी मनाचं विचारत नाही. दोन्ही प्रश्न एकाच बाईला, एकाच वेळी आणि एकटीला गाठून विचारले पाहिजेत. असं का, ते पायरीपायरीनं बघू.

## रडू येणं कधी साधं, कधी आजार

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बहुतेक बायकांना कारण नसताना रडू येतं, चिडचिड होते, मन भरून येतं. निम्म्याहून जास्त जणींना हा अनुभव येतो. झोप आणि आधार मिळाला की दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. इथे "असं होतंच" हे म्हणणं बरोबर आहे.

दोन आठवड्यांनंतरही मन वर येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, "मी चांगली आई नाही" हाच विचार डोक्यात फिरत असेल, तर त्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. गावाकडची बाई "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. तिची तक्रार असते ती अंग जड झाल्याची, डोकं दुखल्याची, जीव घाबरा होण्याची, करमत नसल्याची. एक खूण मात्र सहज ओळखता येते. बाळ झोपलंय, काम आटोपलंय, अंगात त्राण नाही, तरी हिला झोप लागत नाही. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या लागतातही, पण तेवढ्यानं हे जात नाही.

तिसरा प्रकार विरळा आहे, हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होणारा. भलतंसलतं बोलणं, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळ आपलं नाहीच असं वाटणं. हे दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात न्यायचं. बाई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. अंगारा-धुपाऱ्यात गेलेला एक दिवससुद्धा महागात पडू शकतो.

## हिंसा म्हणजे फक्त हात उगारणं नव्हे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ग्रामीण भारतात ३१.६ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसली होती. शहरात हेच प्रमाण २४.२ टक्के होतं. महाराष्ट्रात गाव-शहर मिळून ते सुमारे २५ टक्के आहे. पोट असतानाही मार खाल्लेल्या बायका देशात शंभरात तीन निघाल्या. आकडा लहान दिसतो, पण देशात दर वर्षी दोन कोटींहून जास्त बाळंतपणं होतात, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं.

शिवाय हे सगळे आकडे बायकांनी समोरच्या अनोळखी बाईला सांगितलं त्यावर उभे आहेत. त्याच पाहणीत मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी मदत मागितली होती. ७७ टक्के जणींनी कुणाला सांगितलंही नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, मैत्रिणीला नाही.

आता बाळंतपणानंतरच्या दिवसांत हिंसा कोणकोणती रूपं घेते ते पाहा. मोबाईल काढून घेणं. माहेरी बोलायचं तर समोर बसून बोलायला लावणं. दवाखान्याला जायचं म्हटलं की पैसे न देणं. मुलगी झाली म्हणून दिवसरात्र टोचून बोलणं. ताटात कमी वाढणं. तांबी बसवायला जाऊ न देणं. आणि जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही ती गोष्ट, टाके भरून यायच्या आत शरीरसंबंधाची जबरदस्ती. असली बाई दवाखान्यात येते ती "टाके दुखतात, भरत नाहीत" असं सांगत. तपासणारी नर्स मलम देते. टाके का भरत नाहीत हे विचारायला तिला सवड नसते, आणि बाईबरोबर आलेला माणूस दारातच उभा असतो.

## मार अंगावरून मनात कसा उतरतो

शेतातली मोटार आपण ऑटोवर टाकून ठेवतो. लाईट आली की ती आपोआप सुरू होते. विहिरीत पाणी आहे तोवर चिंता नाही. पाणी तळाला गेलं आणि मोटार तशीच फिरत राहिली, तर वाइंडिंग जळतं. भीतीच्या वेळी शरीर असंच आपोआप सुरू होतं. छाती धडधडते, हातपाय ताठतात, कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात वाढतं. धोका टळला की हे सगळं खाली बसायला हवं. पण ज्या घरात रात्री फाटक वाजलं की पोटात गोळा येतो, तिथे धोका टळतच नाही. मोटार बंद व्हायला वेळच मिळत नाही. आणि बाळंतपणानंतर विहिरीतलं पाणी आधीच खाली गेलेलं असतं. झोप तुटलेली, रक्त कमी, दूध पाजण्यात ताकद जाते आहे, गरोदरपणात वाढलेली संप्रेरकं काही दिवसांत झपाट्यानं उतरली आहेत. अशा शरीराला सततची भीती पेलत नाही.

संप्रेरकं तर प्रत्येकच बाळंतिणीची उतरतात. मग पाचातल्या चौघी सावरतात आणि एक का खचते? या प्रश्नावर गोव्यात झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत भेटून, पुढे बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस करण्यात आली. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्यातल्या ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवरा-बायकोचं बिनसलेलं नातं ही त्यामागची ठळक कारणं होती. आणखी एक गोष्ट दिसली. नवऱ्याचा मार, पोटाची भूक यांचा मनावर किती परिणाम होणार हे मुलगा झाला की मुलगी यावरून बदलत होतं. मार तोच, पण पाळण्यात मुलगी असली तर त्याचा घाव जास्त खोल.

म्हणजे आजाराची सुरुवात पुष्कळदा बाळंतपणाच्या किती तरी आधी झालेली असते. बाळ हे निमित्त.

उलटा प्रवासही होतो. खचलेल्या बाईच्या हातून कामं उरकत नाहीत, बाळ रडत राहतं, घरचे तिला आळशी ठरवतात आणि मारणाऱ्याला नवं निमित्त मिळतं. ती आजारी आहे म्हणून मार बसतो, असा याचा अर्थ कुणी काढू नये. हात उचलायचा की नाही हे उचलणारा ठरवतो. पण एकदा हे चक्र फिरू लागलं की नुसत्या गोळ्यांनी किंवा नुसत्या समजुतीनं ते थांबत नाही, एवढं नक्की.

## माहेरचे तीन महिने आणि त्यानंतर

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली चाल आहे. डोहाळजेवण झालं की सातव्या महिन्यात पोर माहेरी येते. आई तेल लावते, शेगडी ठेवते, गरम गरम वाढते, रात्री बाळ घेऊन बसते. जावई येतो तो बारशाला, पाहुणा म्हणून. त्या काळात नवऱ्याचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. आजच्या भाषेत ज्याला सुरक्षित जागा म्हणतात ती आपल्याकडे रीत म्हणून अस्तित्वात होती. हिचं मोल कमी समजू नये.

पण या रीतीला तीन बाजूंनी गळती आहे. एक, ती बहुधा पहिल्याच बाळंतपणाला मिळते. दुसऱ्या खेपेला "आता तिथे कोण करणार, वहिनीला किती त्रास" म्हणून बाई सासरीच राहते. मग तोच सव्वा महिना, घराबाहेर न पडण्याचा तोच नियम, पण परिणाम उलटा. माहेरी तो विसावा होता. छळणाऱ्या घरात तो बंदिवास होतो, कारण अंगावरचे वळ पाहायला बाहेरचं कुणी येतच नाही. दोन, आईबापाच्या मनाविरुद्ध किंवा जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीला माहेरच उरलेलं नसतं. आणि तीन, माहेरपण एक दिवस संपतं. घ्यायला गाडी येते. बारशाला काय घातलं, बाळाला सोन्याचं काय केलं, यावरून आधीच कुरबुर झालेली असते.

आता सरकारी व्यवस्था या वेळापत्रकाशी कशी जुळते ते पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे २०११ पासून देशभर आशाताई घरोघरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. बाळं वाचवणारं हे फार मोठं काम आहे. पण बाई माहेरी असेल तर या सहाही भेटी माहेरच्या आशाताई करतात, म्हणजे ती सर्वांत सुरक्षित असते तेव्हाच. ती सासरी परत जाते तोवर बेचाळीस दिवस उलटून गेलेले असतात.

त्यानंतरच्या भेटी आहेत, पण त्या बाळासाठी. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताईंनी घरी जायचं ठरलेलं आहे. बाळाचं वजन, वरचं अन्न, लसी असं सगळं त्यात बघितलं जातं. मला विचाराल तर आईच्या मनाची चौकशी करायला तिसऱ्या महिन्याच्या भेटीइतका नेमका मुहूर्त नाही. बाई नुकतीच सासरी परतलेली असते आणि बाळाच्या निमित्तानं कुणीतरी हक्कानं घरात शिरू शकतं.

## कोयत्यावर गेलेली बाळंतीण

माहेर नाही, आशाताई नाही, दारही नाही, अशी एक बाळंतीण महाराष्ट्रात दर हंगामात असते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या हद्दीत जातात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (कामाआधीच घेतलेली रक्कम) घेतलेली असते, ती बहुधा नवऱ्याच्या नावानं. पण कोयता म्हणजे जोडी. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. एकजण गेला तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. एक दिवस काम चुकलं तर खाड्याचे पैसे कापले जातात.

अशा जोडीतली बाई बाळंत झाली तर तिची विश्रांती ही कर्जाची गोष्ट होऊन बसते. काही आठवड्यांचं लेकरू फडाच्या कडेला झोळीत ठेवून ती मोळ्या बांधते. रात्री कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, परत येते. कोपीला कडी नाही, पडदा नाही, शेजारची कोपी हातभर अंतरावर. नवऱ्यानं हात उचलला तर आवाज सगळ्यांना जातो आणि मधे कुणी पडत नाही, कारण पहाटे सगळ्यांनाच उठायचं असतं. माहेरी जावं म्हटलं तर उचल कोण फेडणार? ती निघाली तर नवऱ्याचंही काम थांबतं, मुकादम दोन्ही घरांच्या दारात येतो. नवराही थकलेला असतो, कर्जात असतो, हे खरं आहे. त्यामुळे तिचा मार हलका होत नाही.

यात वयाची भर घाला. त्याच राष्ट्रीय पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं, तर बीड जिल्ह्यात ते याच्या जवळजवळ दुप्पट. पोरीला एकटीला गावी ठेवायची भीती आणि कोयत्याला जोडी हवी, या दोन कारणांनी लग्नं लवकर उरकली जातात. म्हणजे जी मोळ्या बांधते आहे ती कधी कधी सतरा-अठरा वर्षांची आई असते. तिचं नाव गावच्या आशाताईंच्या वहीत आहे, पण ती गावात नाही. कारखान्याच्या हद्दीतल्या आशाताईंच्या वहीत तिचं नावच नाही. ही फट कागदावर अगदी लहान दिसते. दोन वह्या जोडायचं काम आहे, मोठा निधी लागत नाही. ते व्हायला हवं, आणि कारखान्यानं गाळपाच्या हंगामात आरोग्य पथक फडावर पाठवणं त्याच्या जबाबदारीत धरलं पाहिजे.

## बाळाला काय होतं

गोव्यातच १७१ बाळांचा पुढचा अभ्यास झाला. सहा आठवड्यांच्या सुमारास आईला नैराश्य असेल तर सहाव्या महिन्यात बाळाचं वजन आणि उंची कमी भरण्याची शक्यता जास्त दिसली. अंगणवाडीत बाळ लाल रेषेखाली गेलं की आपण आईला आहार समजावून सांगतो. तिला कदाचित सगळं माहीत असतं, फक्त उठवत नसतं.

## "हे सगळं दारूमुळे होतं"

दारूचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. राष्ट्रीय पाहणीत नवरा वरचेवर पिऊन तर्र होतो अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली होती. पण नवरा थेंबभरही पीत नाही अशा घरांतही हे प्रमाण २३ टक्के होतं. दारूबंदी झाली की प्रश्न सुटेल असं मानलं, तर या दुसऱ्या घरातली बाई आपल्या हिशेबातून गळून पडते. शिवाय प्यालेला माणूस सरपंचाला मारत नाही, मुकादमाला मारत नाही. घरी येऊनच मारतो.

## "आमच्या आयांनीही सोसलं, त्या नाही खचल्या"

खचल्या, पण त्याला नाव नव्हतं. अंगात येणं, वर्षानुवर्षं डोकं बांधून झोपणं, कुणाशी न बोलणं, यातलं किती दुखणं बाळंतपणापासूनचं होतं ते आता कोण सांगणार? याच पाहणीत देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी अमुक कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारलं तर ते योग्य आहे असं म्हटलं. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही. मार योग्य वाटू लागला की तो सांगायची गरजही वाटत नाही. मनाला मात्र तो लागतोच.

## "सासूच जास्त छळते, नवऱ्याला काय दोष देता?"

काही घरांत हे अगदी खरं आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सासरचे नातेवाईकही येतात. पण उलटही पाहायला मिळतं. पोराचा हात धरणारी, सुनेला पाठीशी घालणारी सासूच असते. आशाताईंनी घरातलं असं माणूस हेरून ठेवावं. ते माहेरच्या माणसापेक्षा जवळ असतं.

## "विचारलं तर घर मोडेल"

ही भीती सर्वांत मोठी, म्हणून जरा थांबून बोलू. विचारणं म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे. बहुतेक बायकांना संसार मोडायचा नसतो, मार थांबायला हवा असतो. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेला कौटुंबिक हिंसाचार कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात नवऱ्याला मारहाणीपासून रोखणारा आदेश मिळतो, खर्चाला पैसे मिळतात, लेकरू आईकडे ठेवता येतं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्या घरात राहायचा तिचा हक्क कायद्यानं मानलेला आहे. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात, वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. तुरुंगवासाची तरतूद असलेला छळाचा गुन्हा वेगळा. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. तिथे जायचं की नाही हे तिनं ठरवायचं, विचारणाऱ्यानं नाही.

## "दूध पाजते, तिला मनाच्या गोळ्या कशा द्यायच्या?"

देता येतात. सर्ट्रालीनसारख्या काही गोळ्या दुधातून फारच थोड्या जातात, आणि डॉक्टरच्या सल्ल्यानं स्तनपान चालू ठेवून त्या घेता येतात. कुणाच्या तरी उरलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. दवाखान्यात ठेवावं लागलं तर "लेकरू काढून घेतील" ही भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

गोळ्यांशिवायही बरंच होतं. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, आपल्या आशाताईंसारख्याच गावातल्या आरोग्य सेविकांना मन खचलेल्या गरोदर बायकांशी पद्धतशीर बोलायला शिकवलं गेलं. घरी जाऊन, बाळाच्या काळजीच्या निमित्तानं. सहा महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांत नैराश्य उरलं होतं २३ टक्के जणींना, नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के जणींना. २००८ साली हे निष्कर्ष आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची पुस्तिका काढली, आणि पुढे गोव्यात गावातल्याच सामान्य बायकांना सखी म्हणून तयार करून तो प्रयोग झाला. मारणारा हात अशा बोलण्यानं थांबत नाही. बाईला मात्र उठून पुढचा विचार करण्याइतकी ताकद येते.

## विचारायचं कसं

अनुभवी आशाताई घरात शिरल्या की आधी बाळाचं करतात. झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, नाळेकडे नजर. सासू उंबऱ्यात बसलेली असते. मग म्हणायचं, "मावशी, जरा हात धुवायला कोमट पाणी ठेवता का?" आणि मिळालेल्या त्या पाच मिनिटांत बाळ हातात ठेवूनच, मान वर न करता विचारायचं, "बाळाचं झालं गं, आता तुझं सांग. गेल्या महिनाभरात मन फार उदास, हताश वाटलं का? पूर्वी आवडायचं त्यात मन लागतं का?" या दोन प्रश्नांपैकी एकालाही नकोसं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारायचा : "बऱ्याच घरांत बायकांना मारहाण होते, म्हणून मी विचारते. तुला घरी कुणी मारतं, धमकावतं, जेवू देत नाही, असं आहे का? कुणाची भीती वाटते का?" आणि शेवटचा : "जिवाचं काही करून घ्यावं असा विचार येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असला तर बाहेर पडायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवायचं.

मारहाणीचा प्रश्न प्रत्येक घरात सरसकट विचारत सुटा, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. मन खचल्याच्या किंवा सांगितलेलं कारण न पटणाऱ्या जखमांच्या खुणा दिसल्या तर विचारा, एकांत असेल तरच विचारा, आणि पुढे पाठवायला जागा असेल तर विचारा, असा तिचा सल्ला आहे. तो मला पटतो, कारण आशाताई त्याच गावात राहतात. कधी त्या नवऱ्याच्याच भावकीतल्या असतात. त्यांच्यावर आधीच कामांचा ढीग आहे. त्यांना नीट प्रशिक्षण, या कामाचा वेगळा मोबदला आणि मागे उभं राहणारी व्यवस्था न देता हा प्रश्न त्यांच्या हाती सोपवणं अन्यायाचं होईल.

अशी व्यवस्था उभी राहू शकते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' हे केंद्र सुरू झालं. तिथे दवाखान्यातच समुपदेशक बसते आणि जखमेवर पट्टी करणारी नर्स बाईला तिच्याकडे पाठवते. हेच प्रारूप पुढे राज्यातल्या इतर सरकारी रुग्णालयांत नेलं गेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे, तिथे तात्पुरता निवारा, पोलीस आणि कायद्याची मदत एकाच छताखाली मिळते. फोनवर महिलांसाठी १८१, तातडीला ११२ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून मराठीतही बोलता येतं.

हा क्रमांक तिच्या मोबाईलमध्ये "टेलिमानस" नावानं ठेवू नका. बचत गटातल्या एखाद्या ताईच्या नावानं ठेवा, फोन झाला की नोंद पुसायला सांगा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, बाळाचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स शेजारच्या विश्वासातल्या बाईकडे ठेवायला सांगा. आणि तिनं सांगितलेलं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहू नका. ते कार्ड फळीवर असतं आणि घरातलं कुणीही ते उघडून वाचतं.